उंबऱ्यावर थांबलेली ग्रीक नवरी

मी ग्रीक माणसांना मराठी बोलायला लावते. आमच्या सरावली गावात शेजारणींना हे सांगितलं, की त्या आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या आईकडे बघतात आणि आईलाच विचारतात, "म्हणजे सरकारी आहे का?"

सरकारी नाही. पालघरला एका पिठाच्या गिरणीवर दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. मुंबईची एक कंपनी परदेशातले टीव्हीचे कार्यक्रम घाऊक उचलते, त्यांना आपल्याकडच्या भाषांचे कपडे चढवते आणि मोबाईलवर दाखवते. मराठी कपडे शिवायचं काम आमच्याकडे असतं. गेली सहा वर्षं आमच्या वाट्याला ग्रीस देश आला आहे. तिथे टीव्हीवर लोक बेटावर जाऊन उपाशी राहतात, एका घरात कोंडून घेऊन भांडतात, स्वयंपाक करता करता रडतात, आणि गाऊन, नाचून किंवा तोंडातून जाळ काढून परीक्षकांना खूश करतात. ते जे बोलतात ते मी मराठीत लिहिते. मला ग्रीक येत नाही. चाळीसेक शब्द येतात, त्यातले निम्मे खाण्याचे आणि उरलेले शिव्यांचे.

या अंकाच्या संपादकांनी कामाचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे माझं वय सांगितलं. एकोणतीस. ते म्हणाले, अनुभव असला की झालं. आता आहेत ते अनुभव सांगते. त्यातला एक मला फारसा शोभा देणारा नाही, पण तोच सांगण्यासारखा आहे.

आधी माझ्या वळणाबद्दल दोन शब्द. माझे बाबा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात होते आणि कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. माझी अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. शाळेत 'अ' अननसाचा होता, आमच्या घरी तो अन्यायाचा होता. नऊ वर्षांची असताना मी पहिलं पत्रक काढलं, चाळीतल्या नळावर बादल्यांची रांग मोडणाऱ्यांच्या विरोधात. 'बंधूंनो आणि भगिनींनो' अशी सुरुवात होती आणि शेवटी मागण्या होत्या. मागण्या मान्य झाल्या नाहीत, पण बाबांनी ते पत्रक पाकिटात घडी करून ठेवलं. त्या दिवसापासून जगात काही वाकडं दिसलं की माझा हात कागदाकडे जातो. आधी विचारपूस करावी, हे मला कुठल्याच पत्रकाने शिकवलं नव्हतं.

काम कसं चालतं ते सांगते. कंपनीकडून भाग येतो, सोबत इंग्रजीतलं लेखी संभाषण येतं, कोण कितव्या सेकंदाला काय बोललं ते. मी प्रत्येक वाक्य मराठीत असं बसवते की ते त्या माणसाच्या तोंडात मावेल. तोंड चार सेकंद हलत असेल तर मराठीही चारच सेकंद. त्याचे ओठ मिटले तर आपल्याकडे प, ब, म असलं काहीतरी यायला हवं. माणूस ग्रीकमध्ये 'आ' करून थांबला आणि मराठीत 'हम्म' म्हणाला, तर बघणाऱ्याला काय चुकलं ते कळत नाही, पण घास अडकल्यासारखं वाटतं. मग आवाज देणारे येतात, कानाला हेडफोन लावून पडद्याकडे बघत ती वाक्यं म्हणतात. हे सगळं दुपारी एकनंतर, कारण तोपर्यंत खाली गिरणी चालू असते. गाणी मात्र आम्ही हात न लावता मूळची ठेवतो. तो कंपनीचा पहिला नियम आहे.

स्टुडिओचे मालक, दिग्दर्शक आणि यंत्रावर बसणारे असे तिघेही एकच, चुरीसर. केळव्याच्या बाजूला त्यांच्या घरची नारळी-पोफळीची वाडी आहे. बेटावरचा कार्यक्रम करताना त्यांचे फार हाल व्हायचे. पडद्यावर दोन पैलवान एका नारळाला दगडाने अर्धा तास बडवायचे आणि चुरीसर इकडे खुर्चीत कळवळायचे. "अरे, डोळ्यावर मार," ते काचेतून त्या पैलवानाला सांगायचे. एकदा तर त्यांनी रेकॉर्डिंग थांबवून आम्हाला सगळ्यांना नारळ सोलण्याची योग्य पद्धत समजावली. त्या कार्यक्रमात शेवटी जो जिंकला, त्याला चुरीसर आजही विजेता मानत नाहीत.

चुका माझ्याही झाल्या. घरात कोंडून घेण्याच्या कार्यक्रमात एक मुलगा एका मुलीला विचारतो, मला माफ करशील का. ती बोलत नाही, फक्त भुवया उंचावून मान जराशी वर करते. इंग्रजीत लिहिलं होतं, 'मान हलवते.' मी तिच्या तोंडी एक गोड 'हं' घातला. पुढच्या भागात ती त्याच्या अंथरुणावर पाण्याची बादली ओतते. मग कळलं, त्या देशात मान वर केली की अर्थ 'नाही' असा होतो. मराठी प्रेक्षकांनी त्या बिचारीला चंचल ठरवलं. तिची बाजू मांडायला मी काहीच करू शकले नाही, याची मला आजही टोचणी आहे.

पण माझा खरा दोष वेगळाच होता. आमच्या धंद्यात एक मोकळी जागा असते. माणसाची पाठ कॅमेऱ्याकडे असली की त्याचे ओठ दिसत नाहीत आणि तिथे लिहिणारा स्वतंत्र असतो. या स्वातंत्र्याचा मी पुरेपूर वापर केला. स्वयंपाकाच्या कार्यक्रमात एक मुख्य आचारी भांडी घासणाऱ्या स्पर्धकावर ओरडतो आणि तो खाली मान घालून पाठ फिरवतो. मुळात तो फक्त 'बरं' म्हणतो. मी त्याच्या पाठीला बोलायला लावलं, की तुमच्या चवीमागे आमचे हात आहेत हे विसरू नका. चुरीसरांनी ते वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, या पाठीला इतकं बोलायला लावू नका. पुढच्या क्षणाला तो वळतो आणि कांदा कापतो. एवढं बोलून माणूस कांदा कापत नाही." ते मला मॅडम म्हणाले की समजायचं, हरकत आहे.

आता हिराकाकी.

तीन वर्षांपूर्वी कलागुणांच्या एका स्पर्धेचं काम आमच्याकडे आलं. चार परीक्षक, समोर रंगमंच, आणि त्यावर कुणीही येऊन काहीही करून दाखवायचं. त्यात एक आजी होती, मारिगो नावाची. कुठल्याशा बेटावर राहणारी, सत्तरीची, काळे कपडे, काळा रुमाल. ती तिच्या बेटावरची लग्नाची गाणी म्हणायची. गाणं मूळचंच राहणार होतं, पण ती परीक्षकांशी भरपूर गप्पा मारायची आणि त्यासाठी आवाज हवा होता. आम्ही तीन जणींना बोलावून पाहिलं. तिघीही चांगल्या शिकलेल्या आणि तिघींनीही म्हातारपण म्हणून आवाजात कंप आणला. मारिगोच्या आवाजात कंप नव्हताच. हाक मारली तर समोरच्या बेटावरची माणसं वळून बघतील, असा तो आवाज होता.

चुरीसर म्हणाले, थांबा, आमच्या गावची एक धवलारीण आणतो.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या किनारपट्टीवरच्या गावांत लग्नात धवले म्हणतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं आणि ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी असो नसो, पुढे काय करायचं ते तीच गाण्यातून सांगते. आता हळदीला डीजे असतो. धवलारणीला बोलावतात, पण फोटोवाल्याला हवं तेवढंच. दहा मिनिटं म्हणा काकी, बस झालं.

हिराकाकी आल्या त्या हातात वाडीतले दोन दुधी भोपळे घेऊन. साठीच्या आत-बाहेर वय, बुटक्या, चालताना रस्ता आपलाच असल्यासारख्या. वाचायला त्यांना वेळ लागायचा, बोट फिरवत वाचायच्या. त्यामुळे मी वाक्य म्हणून दाखवायचे आणि त्या ऐकून म्हणायच्या. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. शेकडो ओळींचे धवले ज्यांच्या डोक्यात आहेत, त्यांना माझी चार सेकंदांची वाक्यं म्हणजे शेंगदाणे होते. मी त्यांच्यासाठी त्यांच्याच बोलीत लिहिलं, 'हाय' आणि 'नाय'सकट, आणि कुणी हरकत घेतली तर लढायची तयारीही ठेवली. कुणीच घेतली नाही. माझा जरा हिरमोडच झाला.

पडद्यावरची मारिगो पहिल्यांदा पाहिल्यावर काकी म्हणाल्या, "काळं नेसून लग्नाचं गाणं? बरं. त्यांचं त्यांना." पण तासाभरात त्या तिला 'ही बाय' म्हणायला लागल्या आणि दोन भागांनंतर 'आपली बाय'. परीक्षकांतला एक दाढीवाला त्यांना अजिबात आवडला नाही. तो पडद्यावर आला की त्या पदर सावरून बसायच्या, भांडायला बसतात तशा.

गावात त्यांनी सांगून ठेवलं होतं की त्या बायला शेवटपर्यंत मीच आवाज देणार. सून मोबाईलवर भाग लावायची आणि ओट्यावर बायका जमायच्या. एकदा चहा पिताना त्या मला सहज म्हणाल्या, "लग्नातून आमाला काढलंच हाय. हितं तरी आवाज लागतो." म्हणाल्या आणि कपात बिस्कीट बुडवलं. मी लगेच वहीत टिपून घेतलं, पत्रकाला उपयोगी पडेल म्हणून.

चौथ्या भागात मारिगो नवरीच्या पाठवणीचं गाणं म्हणते. गाण्याचा अर्थ काकींनी मला आधीच विचारून घेतला होता. आईने मुलीचे केस विंचरले, बहिणींनी तिला कपडे घातले, भावाने हात धरून दारापर्यंत आणली, आता ती उंबऱ्यावर उभी आहे. आणि नेमकं तिथे परीक्षकांनी हात वर करून गाणं थांबवलं. वाईट होतं म्हणून नाही. आवडलं म्हणून. दाढीवाला डोळे पुसत म्हणाला, पुरे, आम्हाला कळलं, तुम्ही पुढच्या फेरीत. टाळ्या वाजल्या.

काकींनी हेडफोन काढला. "आवडलं तर मग बंद का केलं?"

मी वेळेचं कारण सांगितलं. त्यांनी हेडफोन परत लावला. मारिगो परीक्षकांचं कौतुक ऐकत उभी होती, तिच्या वाक्याला अजून अवकाश होता. चुरीसरांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. आणि काकींनी वाक्य म्हणायच्या ऐवजी गायला सुरुवात केली. आपला धवला, मारिगोने सोडला होता त्याच ठिकाणापासून, उंबऱ्यापासून पुढे. नवरीचा पाय बाहेर पडला, अंगण ओलांडलं, वेशीवर आली. चुरीसरांनी यंत्र थांबवलं नाही. परीक्षकांचा भाग संपून जाहिराती लागायची खूण आली तेव्हा कुठे काकी भानावर आल्या.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "पन पोरीला उंबऱ्यावर ठेवून कशी येऊ? आमच्यात तसं नाय ठेवत."

त्यांच्या घराण्याचा तो नियम होता. सासूने शिकवलेला. धवला अर्धा सोडायचा नाही. नवरीला गाण्यात जिथे नेलं, तिथून तिला तिच्या घरी पोचवूनच थांबायचं. मांडवात वीज गेली, व्याह्यांची भांडणं झाली, अगदी धवलारणीचा घसा बसला, तरी जोडीदारणीने उचलून पुरा करायचा. मधे सोडलेली नवरी कुठलीच राहत नाही, असं त्यांच्या सासूचं म्हणणं. फोटोवाल्याने दहा मिनिटांत थांबवलं, तर काकी मांडवामागे जाऊन उरलेला धवला एकट्याच पुरा करायच्या, हे मला चुरीसरांनी नंतर सांगितलं.

काकींनी मग मारिगोचं वाक्य नीट म्हटलं आणि त्या गेल्या. तो गाण्याचा तुकडा काढून टाकायचा होता. तो राहिला. चुरीसर आजही 'राहून गेला' असंच म्हणतात. त्यांच्या लग्नातला धवला हिराकाकींनीच म्हटला होता, एवढंच मी नोंदवून ठेवते.

भाग कंपनीकडे गेला आणि तिसऱ्या दिवशी एका ओळीचा निरोप आला. बाविसाव्या मिनिटाला जादा आवाज आहे, काढावा.

मी तो निरोप वाचला आणि माझ्या अंगात बाबा संचारले. जादा आवाज. कुणाचा आवाज जादा? मी दोन पानी उत्तर लिहिलं. मथळा होता, 'हा आवाज जादा नाही.' त्यात मी म्हटलं, की हा आमच्या कलाकार श्रीमती हिराबाईंचा आवाज आहे, त्यांनी तो जाणीवपूर्वक दिलेला आहे, लग्नाच्या मांडवातून हुसकावलेल्या कष्टकरी स्त्रीचा हा उद्गार आहे आणि तो काढण्याचा अधिकार कुठल्याही कंपनीला नाही. शेवटी दोन मागण्या होत्या. मसुदा मी मोठ्याने वाचून पाहिला. चांगला झाला होता. मी तो पाठवून दिला, आणि त्या रात्री छान झोपले.

सकाळी चुरीसर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. निरोप आला त्याच दुपारी त्यांनी दहा मिनिटांत तो तुकडा काढून नवी फाईल पाठवली होती. कंपनीने आभारही मानले होते. कंपनीला वाटलं होतं की तो मूळ कार्यक्रमातल्या सभागृहाचा आवाज आहे. कुणी गायलं, का गायलं, याचा त्यांना पत्ताच नव्हता. विषय संपला होता. मग माझं पत्र पोचलं.

कंपनीचं उत्तर अतिशय सभ्य होतं. तपशिलाबद्दल धन्यवाद. कलाकार संहितेबाहेर जाणीवपूर्वक गात असतील, तर पुढच्या भागांसाठी कृपया कलाकार बदलावा.

"मॅडम," चुरीसर म्हणाले, "आता हे काकींना तुम्हीच सांगा."

पालघरहून रिक्षा करून मी त्यांच्या गावी गेले. काकी वाडीत पाणी लावत होत्या. मी सगळं सांगितलं, पत्र वाचूनही दाखवलं. त्या पाण्याचा पाट वळवत ऐकत राहिल्या. 'कष्टकरी स्त्रीचा उद्गार' आला तेव्हा थांबल्या.

"ही कोन?"

"तुम्ही."

"बरं लिवलंस," त्या म्हणाल्या. "म्हंजे आमच्या बाजूनंच लिवलंस ना?"

"हो."

"मग आमाला इचारलं का नाय?"

तोवरच्या तीन वर्षांत मी कितीतरी माणसांच्या तोंडी शब्द घातले होते, पाठमोऱ्यांच्यासुद्धा. ते सगळे दूर देशात होते, त्यांच्यातलं कुणीच मला हे विचारायला आलं नव्हतं. काकींनी माझ्यावर आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त विचारलं, आता आपल्या बायला आवाज कोण देणार. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी मान हलवली, पाट पुन्हा वळवला आणि पुढच्या आळ्याकडे गेल्या. मी बांधावर तशीच उभी राहिले. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत वांगी घातली. ती वांगी मला घरापर्यंत जड झाली.

पुढचे चार दिवस चुरीसर कंपनीच्या मागे लागले. पत्रक न लिहिता. फोन केले, विनवलं, मारिगोचा आवाज मधेच बदलला तर प्रेक्षक विचारतील हे पटवलं. शेवटी कंपनी एका भागाला तयार झाली. उपांत्य फेरीचा भाग काकींनी करावा, कंपनीचा माणूस समोर बसेल. एक सूर जरी संहितेबाहेर गेला, तर तिथेच थांबायचं आणि दुसरा आवाज घ्यायचा.

तो भाग मी आधी पाहिला. प्रेक्षकांच्या आग्रहामुळे मारिगो तेच गाणं परत म्हणणार होती. उपांत्य फेरीत प्रत्येकाला दीड मिनिट होतं. घंटा वाजते तेव्हा नवरी बरोबर त्याच उंबऱ्यावर असते. या वेळी मी शहाणी झाले होते. मी काकींना फोन केला, सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करायचं. नको असेल तर चुरीसर काहीतरी कारण सांगतील.

पलीकडे त्यांनी कोंबड्या हाकलल्या. मग त्या म्हणाल्या, "येते मी."

कंपनीचा माणूस माझ्याच वयाचा निघाला, सभ्य, बिनसाखरेचा चहा पिणारा. मला म्हणाला, "मॅडम, तुमचं पत्र वाचलं. मराठी फार सुबक होतं." मला वाटलं चिडवतो आहे. तो मनापासून म्हणत होता, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

काकी जरीच्या काठाची साडी नेसून आल्या होत्या, त्या लग्नाला नेसतात ती. माइकपुढे बसल्या. सुरुवातीच्या गप्पा सरळ पार पडल्या. दाढीवाल्याला त्यांनी असा टोला दिला की कंपनीचा माणूस हसला. मग गाणं सुरू झालं. गाण्यात आमचं काही काम नसतं, आम्ही फक्त ऐकत होतो. विंचरून झालं, नटवून झालं, भावाने हात धरला. चुरीसरांचा हात यंत्रावर होता आणि नजर काकींवर. मी काकींच्या गळ्याकडे बघत होते. घंटा वाजली.

मारिगो थांबली. काकींनी डोळे मिटले. त्यांचा हात मांडीवर ताल धरून होता, तो थांबला नाही. चार सेकंद, पाच, सहा. पडद्यावर मारिगो रुमाल सारखा करते आणि हसून माइक पुढे ओढते. तिचं वाक्य मीच लिहिलं होतं, मुळात होतं तसंच्या तसं. काकींनी डोळे उघडले आणि ते बरोबर तिच्या ओठांवर ठेवलं.

"बरं. ऱ्हायलेलं घरी म्हनीन."

कंपनीच्या माणसाने वहीत खूण केली. त्या भागाला एकही दुरुस्ती आली नाही आणि अंतिम फेरीपर्यंत मारिगोला काकींनीच आवाज दिला. स्पर्धा जिंकला एक सायकलवर उलटा उभा राहणारा तरुण. काकींनी ते मनाला लावून घेतलं नाही, त्याची आई घाबरली असेल एवढंच म्हणाल्या. पण ते नंतरचं. मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं, रेकॉर्डिंग संपल्यानंतरचं.

कंपनीचा माणूस निघून गेला. चुरीसर यंत्र आवरत होते. काकींनी हेडफोन टेबलावर ठेवला, माझा हात धरला आणि मला बाहेरच्या सज्जात घेऊन आल्या. तिथे एक प्लॅस्टिकची खुर्ची होती.

"बस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बसा ना काकी."

"मी बसून म्हनत नाय. तू बस. नवरी कोनतरी लागते."

मी म्हटलं, मला हे विधी मान्य नाहीत. मी लग्न केलंच तर सरकारी कार्यालयात सही करून करणार, हे घरी सगळ्यांना लेखी कळवलेलं आहे.

"तुझं तू बघ," काकी म्हणाल्या. "तुझं लग्न कोन लावतंय? आपल्या बायची पोर उभी हाय थयं, उंबऱ्यावर. घटकाभर तिच्या जागी बस."

मी बसले. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि उंबऱ्यापासून सुरुवात केली. हळू आवाजात, मांडवामागे एकट्या म्हणायच्या तशा. मला वाटलं होतं पाच-दहा मिनिटांचं असेल. हिराकाकी आमच्याकडे यायला लागून तीन महिने झाले होते. त्यांच्या धवल्यावर मी दोन पानं लिहिली होती. पण त्यांचा एकही धवला मी पुरा ऐकलेला नव्हता, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

नवरी अंगणातून निघाली. वेशीवर तिने मागे बघितलं. वाटेत ओढा आला, तिथे पाय धुतले. मधली गावं एकेक नावानिशी आली, आमच्याकडचीच, त्या ग्रीक मुलीला त्यांनी आमच्या गावांमधूनच नेलं. सासरचं दार आलं, दिवा आला, नाव घ्यायला लावलं, कुणीतरी अडवलं, कुणीतरी सोडलं. माझा फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही. चुरीसर दारात येऊन उभे राहिले होते, ते आत गेले नाहीत. मी इतका वेळ काहीही न बोलता, काहीही न टिपता, याआधी कधी बसले असेन असं वाटत नाही.

शेवटी काकींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. घाम पुसला. "पोचली," त्या म्हणाल्या.

मी तशीच बसून राहिले. माफी मागायची अजून राहिली होती. काकींनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि मला अजून खुर्चीतच पाहून थांबल्या.

"आता ऊठ की," त्या म्हणाल्या. "संपल्यावर नवरीनं उठायचं असतं. घरात काम असतं."

मी उठले.